चार वेळा सत्तावीस मिनिटं

माझ्या लेकीला, चिऊला, जन्मतःच एक दुर्मीळ आजार आहे. त्यासाठी तिच्या मेंदूत औषध सोडायचं ऑपरेशन झालं, त्याला 15 ऑक्टोबरला वर्ष झालं. वर्षभर लिहायचं टाळलं. आधी वेळ नव्हता, मग भीती वाटायला लागली की लिहिलं आणि नजर लागली तर. (मी स्वतःला नजर-बिजर न मानणारी समजते.) पण मागच्या महिन्यात नाशिकहून एका आईचा मेसेज आला: "ताई, मेंदूत औषध सोडलं म्हणजे नक्की काय केलं?" तिला उत्तर लिहायला बसले आणि ते चार पानांचं झालं. तेच इथे नीट करून टाकतेय.

आम्ही 2020 पासून इंग्लंडमध्ये, लंडनपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. चिऊ मार्च 2022 ची. चार महिन्यांची असताना एका दुपारी तिचे डोळे वर गेले ते खाली येईनात. बुबुळं पापणीआड, मान मागे ओढलेली, हात ताठ. पण शुद्धीत होती, रडत होती, माझा आवाज ऐकत होती. अडीच तास हे चाललं. मग झोप लागली आणि उठली ती जणू काही झालंच नाही अशी.

गावातल्या रुग्णालयात सांगितलं, फिट्स. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला, तो नॉर्मल आला. तरी फिट्सचं औषध सुरू झालं, कारण "कधीकधी ईईजीत दिसत नाही". औषधानं चिऊ जास्त झोपायला लागली, बाकी काही बदललं नाही. दर तीन-चार दिवसांनी डोळे वर जायचेच. शिवाय ती फार मऊ होती. उचलली की दोन्ही हातांतून खाली घसरायची. नाक कायम चोंदलेलं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि इथल्या फेब्रुवारीतही घामानं बनियन ओलं.

आई पुण्याहून फोनवर म्हणायची, "अगं, अमावास्येला वाढतं का बघ." मी वैतागून, तिला खोटं पाडायलाच, तिनेच पाठवलेल्या कालनिर्णयवर लाल पेनानं खुणा करायला लागले. डोळे वर गेले की खूण, शेजारी किती तास चाललं ते. तीन महिन्यांनी पाहिलं तर तिथीशी काही संबंध नव्हता, पण खुणांमधलं अंतर जवळजवळ सारखं होतं. जानेवारी 2023 मध्ये मोठ्या रुग्णालयातल्या न्यूरॉलॉजिस्टपुढे मी ती पानं उलगडली. तिने कालनिर्णयचा फोटो काढून घेतला, आमचे व्हिडिओ दोनदा पाहिले आणि म्हणाली की हे फिट्स नसावेत, डोळे असे वर ओढले जाण्याच्या झटक्याला ऑक्युलोजायरिक क्रायसिस म्हणतात. सहा महिन्यांत हा शब्द आमच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. तेव्हा ज्यांचं मूल असं करतं त्यांनी आधी व्हिडिओ काढा, चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसतील असे, आणि तारीख-वेळ कागदावर लिहा. "अधूनमधून होतं" या वाक्याला डॉक्टरांच्या खोलीत वजन नसतं.

पुढची पायरी पाठीतलं पाणी काढण्याची, म्हणजे लंबर पंक्चर. इथे आमच्या गावातल्या रुग्णालयानं घोळ घातला. या तपासणीत पाणी ठरलेल्या क्रमानं छोट्या छोट्या नळ्यांत घ्यायचं असतं, पहिली नळी पहिली, दुसरी दुसरी, आणि लगेच, तिथल्या तिथे, गोठवायचं असतं. कारण त्यात मोजायची द्रव्यं नाजूक असतात, आणि पहिल्या थेंबात आणि नंतरच्या थेंबात त्यांचं प्रमाण वेगवेगळं असतं. आमचा नमुना नेहमीच्या रक्तासारखा ट्रेमध्ये पडून राहिला. प्रयोगशाळेनं तो नाकारला. अकरा महिन्यांच्या पोरीच्या पाठीत खुपसलेली सुई फुकट गेली. दुसऱ्या तारखेसाठी सात आठवडे थांबलो. त्या वेळी मी नर्सला आधीच विचारलं, "ड्राय आइस कुठे आहे?" ती चिडली असावी, पण खोक्याचं झाकण उघडून तिने मला दाखवलं. आत धूर. मग मी गप्प बसले.

नमुना लंडनला क्वीन स्क्वेअरच्या प्रयोगशाळेत गेला. जूनमध्ये निकाल आला: डोपामाइन आणि सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतले निरोप पोचवणारी द्रव्यं, वापरून झाल्यावर जे उरतं ते फार कमी, आणि 3-ओएमडी नावाचं एक द्रव्य फार जास्त. ऑगस्टमध्ये रक्तातल्या एन्झाइमची आणि जनुकांची तपासणी आली, आणि आजाराला नाव मिळालं, एएडीसी डेफिशिअन्सी. 1990 मध्ये पहिल्यांदा नोंदला गेलेला आजार. जगभरात नोंदलेली मुलं काही शेच. हे 3-ओएमडी टाचेतून घेतलेल्या आणि कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातही मोजता येतं, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल आधी विचारा, पाठीतलं पाणी नंतर.

आईला समजावताना मी सांगितलं, "दूध आहे, विरजण नाही." शरीर एल-डोपा बनवतं, पण त्याचं डोपामाइन करणारं एएडीसी हे एन्झाइमच नीट बनत नाही, कारण डीडीसी नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. एक माझ्याकडून, एक नवऱ्याकडून. आम्ही दोघं धडधाकट, कारण आमच्याकडे दुसरी प्रत चांगली आहे. जेनेटिक काउन्सेलरने विचारलं, नात्यात लग्न झालंय का. नाही म्हटलं. सासूबाईंना हे पटतच नव्हतं. "गोत्रं वेगळी, 28 गुण जुळले होते!" गुणमिलनाच्या कोष्टकात डीडीसीचा रकाना नाही हो आई, असं म्हणाले, आणि त्या फोनवर हसल्या आणि मग रडल्या. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. त्या विषयावर आम्ही दोघं अजून फारसं बोललेलो नाही.

यावर जीन थेरपी, म्हणजे चांगलं जनुक पेशींत पोचवायचा उपचार, आहे हे काउन्सेलरच्या त्याच बैठकीत कळलं. तैवानमध्ये चार मुलांवर तिचा पहिला प्रयोग करून 2012 मध्ये निष्कर्ष छापले होते. अपस्टाझा या नावानं युरोपात 2022 मध्ये परवानगी मिळाली, आणि इंग्लंडमध्ये एनएचएसनं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, ती द्यावी अशी शिफारस नाइस या उपचार पारखणाऱ्या संस्थेनं एप्रिल 2023 मध्ये केली, म्हणजे आमच्या निदानाच्या चार महिने आधी. एका डोसची छापील किंमत तीस लाख पौंडांच्या वर. नवऱ्याने ते रुपयांत करायला मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.

आम्हाला औषधाचा एक पैसाही पडला नाही. व्हिसाबरोबर भरलेल्या हेल्थ सरचार्जमध्ये ते आलं. इथे मूल जन्मलं तरी ते आपोआप ब्रिटिश होत नाही. म्हणून आम्ही तिचा डिपेंडंट व्हिसा तीन महिन्यांच्या आत काढला होता, कंटाळत, शेजाऱ्यांनी टोचल्यावर. ते पुढे ढकलू नका. उलट एक चूक आम्ही केली. हेल्थ व्हिजिटरच्या (लहान मुलांना बघायला घरी येणाऱ्या नर्सच्या) सांगण्यावरून दोन शनिवार-रविवार खर्चून अपंग मुलांच्या भत्त्याचा जाडजूड फॉर्म भरला, आणि पाकिटाला तिकीट लावताना लक्षात आलं की आमच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" आहे. तो भत्ता मागितला असता तर व्हिसाच्या अटीचाच भंग झाला असता. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर, फेब्रुवारी 2025 मध्ये, तोच फॉर्म पुन्हा भरला.

सप्टेंबर 2023 मध्ये लंडनच्या मुलांच्या रुग्णालयाकडे रेफरल गेलं. पहिली भेट डिसेंबरात. या तीन महिन्यांत मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा "लिस्टमध्ये आहात" असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा न्यूरॉलॉजिस्टच्या सेक्रेटरीला ईमेल केली, तेव्हा तारीख आली. स्विचबोर्डपेक्षा सेक्रेटरीचा पत्ता मिळवा.

त्याच काळात एका रात्री चिऊला उलट्या झाल्या म्हणून इमर्जन्सीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइड लिहिलं. ते औषध डोपामाइनची वाट अडवतं. ज्याच्याकडे डोपामाइनच नाही त्या मुलाला ते देऊ नये. आमच्याकडे न्यूरॉलॉजिस्टचं एक पानी पत्र होतं, वर ठळक अक्षरांत टाळायच्या औषधांची यादी. ते पुढे केलं. त्याने वाचलं, सॉरी म्हणाला, औषध बदललं. त्या पत्राच्या पाच प्रती आहेत: पर्समध्ये, गाडीत, फ्रीजवर, बाबागाडीच्या खिशात, आणि पाळणाघरात.

डिसेंबरच्या भेटीत न्यूरोसर्जन दोन तास बोलले. मी मराठीत प्रश्न लिहिलेली वही नेली होती. पहिला प्रश्न तोच, नाशिकच्या ताईंचा: मेंदूतच का? त्यांनी एका फॉर्मच्या मागे चित्र काढलं. मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, पुटामेन नावाचा भाग आहे. हालचालींसाठी डोपामाइन लागतं ते तिथे. चांगलं जनुक तिथल्या पेशींत पोचवायला एएव्ही2 नावाचा विषाणू वापरतात. त्याची स्वतःची जनुकं काढून टाकलेली असतात, त्यामुळे तो वाढू शकत नाही, फक्त आत शिरतो आणि सामान उतरवतो. शिरेतून दिला तर बराचसा यकृतात जाईल आणि रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर जो पहारा असतो त्यात अडकेल. म्हणून थेट जागेवर. त्यामुळे लागतंही इतकं कमी, की मी आकडा दोनदा विचारला. एकूण 0.32 मिलिलिटर. बाळाच्या नाकात सर्दीचे थेंब घालतो ना, तसे सहा-सात थेंब. चार जागी, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, प्रत्येक ठिकाणी 0.08. पण मिनिटाला 0.003 मिलिलिटर या वेगानं, म्हणजे एका जागेला सत्तावीस मिनिटं. जोरात ढकललं तर औषध सुईच्या कडेनंच परत वर येतं.

"यशाची शक्यता किती टक्के?" असं नवऱ्याने विचारलं. त्यांनी टक्के सांगायला नकार दिला. टक्के काढण्याइतकी मुलंच झालेली नाहीत, म्हणाले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मेंदूभोवतीचं पाणी गळणं हे धोके मात्र एकेक करून सांगितले. आणि हेही, की आजार पुसला जाणार नाही. मला तो नकार आवडला. आधीच्या दीड वर्षात फार जणांनी फार खात्रीनं फार काही सांगितलं होतं.

मग वाट पाहणं. फेब्रुवारी 2024 मध्ये पोटात नळी बसवली, कारण गिळताना ठसका लागून वजन वाढत नव्हतं आणि ऑपरेशनला वजन हवं होतं. (मऊ वरणभात मिक्सरमधून काढून, गाळून, नळीतून देता येतो. डाएटिशियनला विचारूनच करा. आमच्या पहिल्या प्रयत्नात नळी तुंबली.) मे महिन्यात एमआरआय, कवटी पुरेशी पक्की झालीय का ते पाहायला आणि मार्ग आखायला. त्याच वेळी रक्तात या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ती तपासणी. जूनमध्ये तज्ज्ञांच्या बैठकीत मंजुरी. तारीख मिळाली 17 सप्टेंबर.

आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर गणपतीआधी आली. गणपती बसले सातला, आणि चौदाला चिऊला सर्दी. सोळाच्या सकाळी भूलतज्ज्ञांनी तपासून तारीख रद्द केली. औषध उणे 65 अंशांखाली गोठवलेलं असतं. एकदा वितळवलं की सहा तासांत वापरावं लागतं, परत गोठवता येत नाही. म्हणून ते मूल पूर्ण ठीक असल्याशिवाय डबा उघडतच नाहीत. सगळं बरोबर होतं, तरी अनंत चतुर्दशीच्या दिवशी मी आईवर ओरडले की तुझ्या विमानातूनच सर्दी आली. ती काही बोलली नाही, भांडी घासत राहिली.

15 ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी सातला आत नेलं. आधी भूल, मग डोक्याला चौकट, मग स्कॅन करून चौकटीवरून मिलिमीटरच्या हिशेबात जागा ठरवणं, मग कवटीला दोन बारीक भोकं. आम्हाला एक पेजर दिला होता. हॉटेलात टेबल मिळाल्यावर वाजतो तसला. पहिला फोन साडेअकराला आला: "इन्फ्युजन सुरू झालंय." नवऱ्याने घड्याळ लावलं. सत्तावीस मिनिटं. मग सुई हळूहळू काढून दुसरी जागा. पुन्हा सत्तावीस. आम्ही कॅन्टीनमध्ये एकच सँडविच समोर ठेवून बसलो होतो, आणि मला आठवतंय, त्याच्या कडा वाळून वर वळलेल्या मी पाहत होते. चौथी सत्तावीस मिनिटं संपल्यावरही पेजर वाजला नाही. तो वाजला चारला. सीटी स्कॅन ठीक, रक्तस्राव नाही.

डोक्यावर दोन छोट्या पट्ट्या. एवढंच. मला वाटलं होतं सगळं डोकं गुंडाळलेलं असेल.

पहिल्या रात्री ताप आणि रक्तदाब कमी. दोन्ही अपेक्षित होतं असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी कोजागिरी आहे हे आईच्या मेसेजवरून कळलं. मशीनमधला चहा प्यायले. दहा दिवसांनी घरी सोडलं. पहिले चौदा दिवस अश्रू, नाकातलं पाणी, पट्ट्या यांतून विषाणूचे अंश येऊ शकतात म्हणून हातमोजे घालायचे आणि सगळं पिशवीत बंद करून टाकायचं. धनत्रयोदशीला शेवटची पिशवी बांधली.

आता जे कुणी नीट सांगत नाही ते. म्हणजे कागदावर सांगतात, आम्हालाही सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात चिऊचे हात आपोआप हलायला लागले. मग पाय, मग जीभ. नागिणीसारखं वळणं, थांबणंच नाही. जी पोर दोन वर्षं हातातून घसरत होती ती आता हातात धरवत नव्हती. झोप दोन-तीन तास. नळीतून दिलेलं उलटून पडायचं, वजन खाली. याला डिस्कायनेशिया म्हणतात: आयुष्यभर डोपामाइन न मिळालेला मेंदू अचानक मिळालेल्या डोपामाइनला जास्तच प्रतिसाद देतो. डॉक्टर म्हणाले, हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे. मला त्या वेळी ते वाक्य सहन झालं नाही. अमेरिकेत 13 नोव्हेंबरला याच औषधाला, तिथे केबिलिडी नावानं, परवानगी मिळाली होती. न्यू जर्सीहून एका ओळखीच्या बाईंचा अभिनंदनाचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये दार लावून बसले होते.

चार दिवस ॲडमिट केलं, आधीपासून चालू असलेली डोपामाइनसारखी औषधं टप्प्याटप्प्यानं कमी केली. नवऱ्याने तीन आठवडे बिनपगारी पॅरेंटल लीव्ह घेतली. मुलाच्या अठरा वर्षांपर्यंत ती मिळते, पण एका वर्षात चारच आठवडे. ती ऑपरेशनच्या वेळी संपवू नका, या काळासाठी राखा. रात्री आळीपाळीनं जागायला तिसरं माणूस हवंच. आई होती म्हणून आम्ही तरलो. तिला मी गणपतीतल्या ओरडण्याबद्दल सॉरी म्हटलं तर म्हणाली, "कधी ओरडलीस?"

जानेवारी संपता संपता हात शांत व्हायला लागले. मार्चमध्ये, आई परत जायच्या आठवड्यात, चिऊने मान धरली. पोटावर ठेवली होती, मान वर केली, आणि तशीच ठेवून आमच्याकडे बघत राहिली. आईने लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी अडवलं नाही. जुलैपासून उशीच्या आधाराने बसते. आता दहा-बारा सेकंद विनाआधार. साडेतीन वर्षांची आहे. चालत नाही, बोलत नाही, "आ" आणि "मम" एवढंच. नळी अजून आहे, पण चमच्याने केळं खाते. घाम जवळपास थांबला. आणि माझा चष्मा ओढते, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये.

दोन वर्षांतला आमचा खर्च मी वहीत मांडलाय: रेल्वे, पार्किंग, लंडनमधलं खाणं मिळून साधारण 2,300 पौंड. आईवडिलांना राहायला खोली रुग्णालयानं दिली, पण ती आधी मागावी लागते. ॲडमिशनच्या पत्रात तळाला बारीक अक्षरांत एक नंबर असतो.

कालनिर्णय अजून भिंतीवर आहे. 2023 च्या फेब्रुवारीच्या पानावर नऊ लाल खुणा होत्या. या वर्षीच्या सप्टेंबरच्या पानावर एक, पंचवीस मिनिटांची. ऑक्टोबर अजून कोरा आहे, पण महिना संपायला आठवडा आहे. गुरुवारी तिची उभं राहण्याची फ्रेम येणार आहे. डिलिव्हरीची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे मला दिवसभर घरीच थांबावं लागेल.